मुक्ता साळवेच्या निबंधातली खोडलेली ओळ

जळगाव जिल्ह्यात मुक्ता हे नाव घेतले की माणसे हात जोडतात. कालचे एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. तापीकाठचे मेहूण, कोथळीचे मंदिर, आषाढीला पंढरपूरकडे निघणारी पालखी हे सारे खान्देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेल्या घरातली ती मुक्ताई १२९७ साली गेली, तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती असे परंपरा सांगते. धर्माच्या ठेकेदारांनी छळलेल्या त्या पोरीविषयी आम्हाला आदरच आहे. पण आज आम्ही लिहितो आहोत ते दुसऱ्या मुक्तेविषयी. तिच्या नावाचे गाव नाही, तिची पालखी निघत नाही. तिने निबंध लिहिला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शाळेत शिकत होती आणि मातंगाच्या घरात जन्मली होती.

ही मुक्ता आम्हाला भेटली ती धुळ्याला कायद्याचे शिक्षण घेत असताना. शाळेच्या किंवा कॉलेजच्या पुस्तकात ती नव्हती. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली वकिलीच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते आणि त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमसैनिकांचा मेळा भरतो. पावसाने चिखल झालेला, ताडपत्रीखाली पुस्तकांची दुकाने, कॅसेटवर भीमगीते. तिथे पाच रुपयांच्या एका पातळ पुस्तिकेत आम्ही मुक्ता साळवेचा निबंध पहिल्यांदा वाचला. वाचून झाल्यावर लाज वाटली. पेशवाईच्या चिठ्ठ्याचपाट्या गोळा करण्यात ज्यांची हयात गेली, ते इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. त्या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण पेशवाई तळातून कशी दिसत होती हे सांगणारा कागद ज्या पोरीने लिहिला, तिचे नाव धुळ्यात पाच वर्षे शिकूनही आमच्या कानावर आले नाही, याचा जबाब कुणाकडे मागायचा?

मुक्ताचा जन्म साधारण १८४१ च्या सुमाराचा. ती लहुजी वस्ताद साळवे यांची नात म्हणून ओळखली जाते. लहुजींचे वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. लहुजींनी पुण्यात तालीम काढली. दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकवली. त्या तालमीत जे तरुण येत त्यांत जोतिराव फुलेही होते. पुढे जोतिरावांनी शाळा काढल्या तेव्हा अस्पृश्यांची मुले शाळेत आणून बसवण्याच्या कामी लहुजी आणि राणबा महार यांनी कंबर कसली. एक मातंग आणि एक महार खांद्याला खांदा लावून वस्तीत फिरले, आईबापांची समजूत घातली, हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. त्याचे कारण पुढे येईल.

शाळा म्हणजे काय होते तेही आज नीट कळत नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शिकवणाऱ्या सावित्रीमाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. आजच्या हिशेबाने बारावीतली मुलगी! अंगावर शेण, चिखल, दगड झेलत ती शिकवायला जात होती. सासऱ्याने घर सोडायला लावले तेव्हा उस्मान शेख यांनी आपले घर दिले. त्याच घरातली फातिमा सावित्रीची सोबतीण झाली. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणात नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीला काळजी आहे ती आपल्यामागे फातिमावर कामाचा किती भार पडत असेल याची. माळ्याची एक, मुसलमानाची एक, आणि समोर बाकावर मातंगाची, महाराची, साळ्या-माळ्याची लेकरे. या पोरी कुठल्या पुस्तकातून समता शिकल्या नव्हत्या. एका पाटीवर लिहिता लिहिता शिकल्या. १८५१-५२ पासून जोतिरावांनी महार-मांगांसाठी वेगळ्या शाळा काढल्या, पुढे त्यासाठी मंडळ स्थापले. मुक्ता या शाळांतली विद्यार्थिनी. जेमतेम तीन वर्षांचे शिक्षण झाले असेल नसेल, तोच तिने हातात लेखणी घेतली.

निबंधाचे नाव मांग महाराच्या दुःखाविषयी. अमेरिकन मिशनऱ्यांच्या ज्ञानोदय या पत्राने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. आधुनिक काळातली पहिली दलित लेखिका म्हणून मुक्ताचे नाव घेतले जाते ते यामुळेच. एक लक्षात घ्या. ताराबाई शिंद्यांचे स्त्रीपुरुष तुलना बुलढाण्यातून लिहिले गेले ते १८८२ साली. म्हणजे मुक्ताच्या नंतर सत्तावीस वर्षांनी. जोतिरावांची गुलामगिरी आली १८७३ मध्ये. गुरूच्या त्या ग्रंथाच्या अठरा वर्षे आधी शिष्येने पेशवाईवर फिर्याद दाखल केली होती.

फिर्याद हा शब्द आम्ही विचार करून वापरला आहे. आम्ही रोज कोर्टात फिर्यादी वाचतो. चांगल्या फिर्यादीत तक्रारीआधी हक्क सांगावा लागतो. मुक्ताने सुरुवात तिथूनच केली. वेद आमचेच, ते आम्हीच वाचायचे, असे ब्राह्मण म्हणतात ना? मग ज्यांना धर्मपुस्तकच नाही ते आम्ही कुठल्या धर्माचे? आम्ही धर्मरहित आहोत का? असा सरळ कायद्याचा मुद्दा तिने देवापुढेच मांडला. आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव, असे तिने देवाला विचारले. आणि ज्या धर्माचा लाभ एकाने घ्यायचा व बाकीच्यांनी तोंडाकडे पाहत बसायचे, तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, अशी मागणीही केली. १९३५ ची येवल्याची घोषणा व्हायला अजून ऐंशी वर्षे होती. १९५६ ची दीक्षाभूमी शंभर वर्षांपुढे होती. कुणी आम्हाला म्हणेल की तुम्ही मुक्तेला ओढूनताणून धर्मांतरापर्यंत नेता. तसे नाही. तिने दिलेले उत्तर वेगळे होते, इंग्रजी राज्याचे आभार मानणारेही होते. पण तो सवाल मराठीत पहिल्यांदा कुणी विचारला हे तारखेनिशी नोंदवायला हवे.

मग तिने पुरावे दिले. इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून मांग-महारांना पुरले जायचे. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे डोके कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू व्हायचा. पेशवाई १८१८ ला बुडाली, मुक्ता त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी जन्मली. म्हणजे हे सारे तिने घरातल्या, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेले. कोर्टात आम्ही याला ऐकीव पुरावा म्हणतो आणि विरुद्ध बाजूचा वकील लगेच उठून हरकत घेतो. पण ज्यांच्या हातात लेखणीच दिली नव्हती त्यांचा पुरावा ऐकीव असणार नाही तर कसा असणार? आणि ज्या तालमीपुढून चालणे म्हणजे मरण होते, तशीच तालीम त्याच पुण्यात तिच्या आजोबांनी उघडली आणि तिथे ब्राह्मणांची पोरेही येत, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

निबंधात एक जागा अशी आहे की ती वाचताना आजही आम्ही थांबतो. लिहिता-वाचता येणारा मांग-महार पाहिला की बाजीराव काय म्हणायचा हे तिने सांगितले आहे. याने कारकुनी करायची तर मग ब्राह्मणांनी काय न्हाव्याची धोपटी बगलेत मारून विधवांची डोकी भादरत फिरायचे, असा त्याचा सवाल. एका चौदा वर्षांच्या मुलीने हे टिपून ठेवले आहे. अस्पृश्याचे शिक्षण आणि ब्राह्मण विधवेचे केशवपन ही दोन्ही दुःखे पेशव्याच्या एकाच उद्दाम वाक्यात कशी बांधलेली होती ते तिच्या कानाला कळले.

आणि मग ती बाळंतपणावर येते. इथे मुक्ता कुणाचेच ऐकत नाही. मांग-महारांच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते. पाऊस-थंडीत त्यांचे हाल होतात. बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसा नसतो. हे तिने सुशिक्षित वाचकाच्या तोंडावर टाकले. त्या काळी सुधारकांची चर्चा पुनर्विवाहाची, केशवपनाची होती. ते प्रश्न खरे होते, पण ते सवर्ण घरातले होते. जिच्या डोक्यावर छप्परच नाही तिच्या बाळंतपणाविषयी कोण बोलत होते? जातीविषयी बोलणाऱ्यांच्या बोलण्यात बाई नव्हती, बाईविषयी बोलणाऱ्यांच्या बोलण्यात जात नव्हती. मुक्ता दोन्हीच्या मधोमध उभी होती, कारण तिचा जन्मच तिथे झाला होता.

पुस्तकी माणसे यासाठी आता मोठे मोठे शब्द वापरतात. अमेरिकेत किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी १९८९ साली हा विचार कायद्याच्या भाषेत मांडला. त्यांनी ज्या खटल्यांचा आधार घेतला त्यातला एक वाचकांना सांगायलाच हवा. जनरल मोटर्स कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया कोर्टात गेल्या होत्या. १९७६ मध्ये कोर्टाने त्यांना दोन्ही कारणे एकत्र करून दाद मागू दिली नाही. स्त्री म्हणून मागा नाहीतर काळे म्हणून मागा! कंपनीने बायकांना कामावर घेतले होते, पण त्या गोऱ्या. काळ्यांना घेतले होते, पण ते पुरुष. मधल्या मध्ये काळ्या बायका बुडाल्या. आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ च्या पाटण जमाल वली खटल्यात हा मुद्दा प्रथमच सविस्तर घेतला. पीडित मुलगी अनुसूचित जातीची आणि जन्मांध होती. जात, लिंग आणि अंधत्व ही तिच्या वाट्याला एकत्रच आली, ती सुटी करून पाहता येत नाहीत, असे न्यायालयाने मानले. तरीही अत्याचार जातीच्या कारणावरूनच झाला हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही म्हणून ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. बलात्काराची जन्मठेप तेवढी कायम राहिली. २६ जानेवारी २०१६ पासून कायद्यातले ते शब्द बदलले आहेत, पण ही घटना त्याआधीची होती. आम्ही जिल्हा कोर्टात हाच कायदा चालवतो. बाई म्हणून झाले की दलित म्हणून झाले, हा प्रश्न आमच्या अशिलांना उलटतपासणीत किती वेळा विचारला जातो ते आम्हाला विचारा. सत्र न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. कारण तो प्रश्नच खोटा आहे.

मुक्ताने लहान मुलांचेही लिहिले. ब्राह्मणांची पोरे दगड मारतात, मांग-महारांच्या पोरांना रक्त येते, तरी ती तक्रार करत नाहीत. कारण उष्टे मागायला पुन्हा त्याच दारी जायचे असते. हे आम्ही जुन्या काळचे म्हणून सोडून देऊ शकत नाही. जून २०१८ मध्ये आमच्याच जामनेर तालुक्यातल्या वाकडीला विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या दोन अल्पवयीन मुलांना नागवे करून मारले. मारणाऱ्यांनी त्याचे चित्रीकरण केले, म्हणून ते जगाला दिसले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. मुक्ताच्या निबंधात एक ओळ आमच्यासाठी आहे, म्हणजे या वृत्तपत्राच्या बहुसंख्य वाचकांसाठी आहे. ब्राह्मणी सोवळ्याचा वारा महारांनाही लागला आणि तेही मांगांना कमी लेखू लागले, असे तिने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पुढे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून ज्याची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली, ते तिला वस्तीतल्या पाणवठ्यावर दिसले होते. तरीही निबंधाला नाव देताना तिने मांग आणि महार एकत्र ठेवले. दुःख एकच ठेवले.

मागे एकदा १० मार्चला, सावित्रीमाईंच्या स्मृतिदिनी, जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी विहारात कार्यक्रम होता. आम्ही प्रमुख पाहुणे. नववीतल्या तीन मैत्रिणी मुक्ताचा निबंध वाचणार होत्या. एक बौद्धाची, एक मातंगाची, एक तडवी. तिघी एकाच एसटीने शाळेत जातात आणि डबा एकत्र खातात. त्या वर्षी त्यांनी शाळेत एक लढा दिला होता. वर्ग झाडायची पाळी नेहमी ठरावीक वस्तीतल्या मुलींवर यायची. या तिघींनी हजेरीपटाच्या क्रमाने मुले-मुली सर्वांची पाळी लावा असा अर्ज लिहिला, आणि मुलींच्या मुतारीला कडी बसवा हेही त्याच अर्जात लिहिले. कुणी तरी त्यांना म्हणाले की दोन विषयांचे दोन अर्ज करा. त्यांनी केले नाहीत.

कार्यक्रमाआधी संयोजक निबंधाची छापील प्रत घेऊन आमच्याकडे आले. भला माणूस, चळवळीत तीस वर्षे घालवलेला. म्हणाले, वकीलसाहेब, ही महारांविषयीची ओळ तेवढी नको, गावात आधीच समाजासमाजात कुरबुरी आहेत, उगाच विषय निघेल. आमच्या खिशातला पेन त्यांनी मागितला. आम्ही दिला. त्यांनी ओळ खोडली, आणि आम्ही काही बोललो नाही. कोर्टात आम्ही कुणाला दस्तऐवजात खाडाखोड करू देत नाही. त्या दिवशी करू दिली, हे आम्हाला इथे कबूल करायचे आहे.

बौद्धाची मुलगी वाचायला उभी राहिली. खोडलेल्या ओळीपाशी आली आणि थांबली. तिच्या मागे मातंगाची मैत्रीण वही घेऊन उभी होती. तिने सगळा निबंध स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतला होता. तिने वही पुढे केली, ओळीवर बोट ठेवले. पहिलीने ती ओळ वाचली. आवाज कमी केला नाही, वाढवलाही नाही. विहारात क्षणभर कुजबुज झाली. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मावशीने, मातंग वस्तीतल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढचे वाचन सुरू राहिले. गावात काही घडले नाही. कुरबुरी आधी होत्या तेवढ्याच राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर तिघी पायरीवर बसून एकाच कागदावर शेव-बुंदी खात होत्या. मुक्ताला बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा तिने खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या असे साहेबाला सांगितले, ती चळवळीत सांगितली जाणारी गोष्ट त्यांना माहीत होती. ती आम्हालाही आवडते, पण मुक्ताचे मोठेपण त्या गोष्टीवर अवलंबून नाही, छापलेला निबंध पुरेसा आहे, असे आम्ही म्हणालो. मग तडवी मुलीने विचारले, पुढे मुक्ताचे काय झाले? लग्न झाले का, शिक्षिका झाली का, किती वर्षे जगली? आम्ही सांगितले की इतिहासाने याची नोंद ठेवली नाही. १ मार्च १८५५ च्या अंकानंतर ती मुलगी कागदावरून नाहीशी होते. बाजीरावाने काय खाल्ले त्याच्या याद्या आहेत, मुक्ता कुठे गेली याचा कागद नाही. आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची नावे? तीही नाहीत. मातंगाच्या मुलीला हे पटले नाही. ती म्हणाली, एकटीने कुणी असे लिहीत नाही, कुणी तरी शेजारी बसलेली असणारच.

या तिघी आता दहावीत आहेत. येत्या ३ जानेवारीला शाळेच्या बालिका दिनाच्या कार्यक्रमात त्यांना पूर्ण निबंध वाचायचा आहे. शाळेने लेखी अर्ज मागितला म्हणून त्या गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत मसुदा दाखवायला आल्या होत्या. अर्जात स्वच्छ लिहिले आहे की निबंध वाचताना एकही ओळ गाळली जाणार नाही. खाली तिघींच्या सह्या. आम्ही दुरुस्ती काही केली नाही. तारीख घालायची राहिली होती ती घालायला सांगितली. शाळेचे उत्तर अजून आलेले नाही.